सुनेच्या लॅपटॉपवरचं नाव

आमच्या घरी आलेल्या सुनेचं नाव वैभवी आहे, हे रिठदमध्ये शाळेत न जाणाऱ्या पोरालाही माहीत आहे. तिच्या लॅपटॉपला तेवढं माहीत नव्हतं. मी ते त्याला कळवायला गेले, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत माझ्या तोंडाची जी चव गेली ती अजून आलेली नाही.

नाव मीच निवडलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून माझ्या लेकानं, हरीओमनं, अंगठीनं ते लिहिलं आणि मांडवातल्या सगळ्यांनी माना पुढे करून वाचलं. माहेरचं नाव रेणू. नाव वाईट नाही. पण आमच्या भाऊकीत त्या नावाची एक बाई आहे, शेताच्या धुऱ्याच्या भांडणापासून ती माझ्याशी बोलत नाही. जिचं तोंड मी बघत नाही तिचं नाव माझ्याच स्वयंपाकघरात दिवसातून वीस वेळा घ्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

रुखवतातल्या भांड्यांवर रेणू कोरलेलं होतं. बाजाराच्या दिवशी नावं टाकणारा मशीन घेऊन बसतो, त्याच्यापुढे सगळी भांडी नेऊन ओतली. तो म्हणाला, जुनं खोडता येत नाही, बाजूला नवं टाकून देतो. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला आलेला प्रत्येक पाहुणा ताट उलटं करून विचारतो की दुसरी सून कुठं आहे.

आधार कार्डावरचं नाव बदलायला तीनदा सेतू केंद्रात गेलो. पहिल्यांदा लग्नाचा दाखला नव्हता, कारण तो देणारा माणूस ट्रेनिंगला गेला होता. दुसऱ्यांदा दाखला होता, पण फोटोतली वेणीवाली मुलगी आणि समोरची डोक्यावर पदर घेतलेली बाई एकच आहे, हे तिथल्या पोराला पटेना. तिसऱ्यांदा तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. मशीन म्हणालं, या बाईला बोटंच नाहीत. त्याच संध्याकाळी शेजारची सुंदरबाई गल्लीत सांगत फिरली की कस्तुराबाईनं सुनेकडून इतकी भांडी घासून घेतली की सरकारलाही तिचे ठसे सापडेनात. सुंदरबाईच्या घरी सून टिकलेली नाही, एवढंच मी तिला गल्लीत जाऊन ऐकवलं.

राहिला लॅपटॉप. तो वैभवीनं कारंज्याच्या कॉलेजात असतानाच घेतलेला, जुना, एका कोपऱ्यात टवका उडालेला. त्यात दुकानातली विकतची सिस्टीम नव्हती, उबुंटू नावाची फुकटची होती. जगभरातले लोक मिळून ती तयार करतात आणि ज्याला पाहिजे त्यानं न्यावी, असं वैभवी म्हणाली. मी विचारलं, बिघडली तर भांडायचं कोणाशी? ती म्हणाली, कोणाशीच नाही. मला ते तेव्हाच बरं वाटलं नव्हतं.

रोज दुपारी भांडीकुंडी आवरली की ती माजघरातल्या धान्याच्या लोखंडी कोठीवर लॅपटॉप ठेवायची आणि उभ्यानं शिकायची, कारण आमच्या घरात नेटवर्क फक्त त्या कोठीवर येतं. लॅपटॉप उघडला की आधी पडद्याच्या मधोमध नाव यायचं. रेणू. चौथी शिकलेल्या बाईला इंग्रजी येत नाही असं लोक समजतात. मला चार अक्षरांपर्यंतचे शब्द येतात, आणि ते नाव नेमकं चार अक्षरांचं. माझ्या घरात, माझ्या कोठीवर, माझ्या डोळ्यांसमोर रोज दुपारी भाऊकीतली ती बाई उजळून निघायची.

ती शिकायची ते जावा. ही एक भाषा आहे. बोलत कोणी नाही, फक्त लिहितात, आणि जरा चुकलं की मशीन लगेच कुठल्या ओळीत चुकलं ते सांगतं. अशी सासू मला मिळाली असती तर मी टिकले नसते. पण वैभवी आठ महिने टिकली आणि पुण्याच्या एका कंपनीनं तिला परीक्षेला बोलावलं. परीक्षा सोमवारी दहा वाजता, कॅमेऱ्यासमोर, इथूनच. पास झाली की काम पण इथूनच, याच कोठीवरून, कारण तिच्याशिवाय आमचं घर चालत नाही हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि हरीओमच्या बापालाही चहा वेळेवर यायला लागल्यापासून कळलं होतं. त्या पोरीनं देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही. मी ऐकलं आहे, कारण ती पुटपुटते.

मंगळवारी ती कामरगावला गेली. तिच्या चुलतबहिणीचं, रंजीताचं, शनिवारी लग्न होतं. लॅपटॉप सोबत नेत होती. मी म्हटलं, लग्नघरात पोरं त्यावर बसतील, इथंच राहू दे, मी सांभाळते. ती ठेवून गेली. सांभाळायचं म्हणजे नीट करायचं असं मी धरलं.

बुधवारी गुडघ्याचं औषध आणते म्हणून लॅपटॉप शालीत गुंडाळून पिशवीत घातला आणि वाशीमवरून मालेगावला गेले. रिसोड जवळ पडतं, पण रिसोडला कोणी पाहिलं असतं तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. मालेगावात वीरेंद्र म्हणून एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं उघडून पाहिलं आणि म्हणाला, मावशी, या सिस्टीमले मी हात लावत नाही. मी म्हटलं, तुला येत नसेल तर तसं सांग, मी समोरच्या दुकानात जाते. मग त्यानं कोणाला तरी फोन लावला, एक व्हिडिओ पाहिला आणि पासवर्ड विचारला. पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत होता, लग्नाची तारीख. अर्ध्या तासात सेतू केंद्राला आठ महिन्यांत जमलं नाही ते त्यानं करून दाखवलं. पडद्यावर वैभवी आलं. चारापेक्षा जास्त अक्षरं होती, म्हणून मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. तो म्हणाला, तिच्या फोल्डरचं नावही रेणू होतं, तेही बदलून टाकलं, आतलं सामान जसंच्या तसं आहे. मी मनात म्हटलं, हा कामाचा माणूस. सरकारनं याला नेमावं.

गुरुवारी संध्याकाळी वैभवीचा हरीओमला फोन आला. कंपनीचं पत्र आलं होतं: सोमवारी ज्या मशीनवर परीक्षा देणार त्या मशीनवर एक तपासणी शनिवारी सहाच्या आत करून पाठवा, नाही तर नाव रद्द. तपासणी म्हणजे एक छोटा प्रोग्राम चालवायचा, दोन मिनिटांचं काम. हरीओम वाशीमला खताच्या दुकानात हिशेब लिहितो, कॉम्प्युटर त्याला चालवता येतो. त्यानं कोठीवर लॅपटॉप उघडला, फोन स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, आधी एवढं लिहा अन् काय येते ते सांगा. त्यानं लिहिलं.

"कमांड नॉट फाउंड येऊन राह्यलं," तो म्हणाला.

"असं कसं? मंगळवारी सकाळी तं मी चालवलं."

मी बाजूला बसून तांदूळ निवडत होते. माझं तिकडं लक्ष नव्हतं, असं मी सगळ्यांना दाखवत होते.

मग तिनं त्याला समजावून सांगितलं, आणि ते हरीओमपेक्षा मला चांगलं समजलं. या सिस्टीममध्ये जावा कुठं राहते हे मशीनला आपण होऊन कळत नाही. एका फाईलीत दोन ओळी लिहून ठेवाव्या लागतात. एकीत जावाच्या घराचा पत्ता. दुसरीत, काही शोधायचं झालं तर मशीननं कोणत्या गल्ल्या फिरायच्या त्यांची यादी. याला एन्व्हायरमेंट व्हेरिएबल म्हणतात. ती म्हणाली, पहिली ओळ वाचा. हरीओमनं वाचली: होम, मग रेणू, मग जावाचं नाव.

"बराबर हाये," वैभवी म्हणाली. "थेच पायजे."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

कारण जगात त्या वेळी एकट्या मला माहीत होतं की ओळ बरोबर आहे आणि त्या पत्त्यावर घरच नाही. घर मी बुधवारी मालेगावात नेऊन हलवून आणलं होतं. तिकडं तिला दिसत नव्हतं. इकडं हरीओमच्या नाकासमोर पडद्यावर वैभवी लिहिलेलं होतं, पण त्याच्या बायकोचं नावच वैभवी, म्हणून त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. नवरे असेच असतात. मी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सुंदरबाई विरजण मागायला दारात येऊन उभी राहिली, आणि सुंदरबाईसमोर मी चूक कबूल करावी एवढी वेळ माझ्यावर आलेली नव्हती. मी तांदूळ पुन्हा पाखडायला घेतले. निवडलेले खडे त्यातच पडले.

शुक्रवारी सकाळपर्यंत ही बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. सुंदरबाई म्हणाली, फुकटचं आहे म्हणून असं होतं. दुसरी एकजण म्हणाली, नजर लागली, मिरच्या ओवाळा. मिरच्या ओवाळल्या, त्याचा धूर जाऊन हरीओमचा बाप पाऊण तास खोकला, जावा सापडली नाही. मग लखीराम आला. हा रिटायर्ड पोस्टमन, पस्तीस वर्षं या पट्ट्यात सायकलवर टपाल वाटलं. त्याला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण पत्ता हा शब्द ऐकला की तो बसून घेतो. त्यानं हरीओमकडून ती ओळ वाचून घेतली आणि डोळे मिटले.

"पत्ता बराबर हाये?"

"बराबर हाये, काका."

"अन् टपाल पोचत नाई. म्हंजे घर हललं."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो म्हणाला, वहिनी, आत्ताच घेऊन आलो. मी म्हटलं, अजून घ्या. मी म्हटलं, मशीनमधली घरं काय पोळ्यातले बैल आहेत का, इकडून तिकडं जायला. लोक हसले. लखीराम पण कसनुसा हसला आणि चहा पिऊन निघून गेला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तो एवढा बरोबर कधी नसेल, आणि मी त्याला चारचौघांत हसं केलं. हे मी इथं लिहिते कारण त्याच्या तोंडावर अजून म्हणाले नाही.

मी ठरवलं, बोलायची गरजच पडू द्यायची नाही. मालेगावला जाऊन वीरेंद्रकडून होतं तसं करून आणायचं, कोणाला कळायच्या आत. पुन्हा गुडघे दुखले. पुन्हा शाल, पुन्हा पिशवी. हरीओम कामावर गेला होता. हरीओमचा बाप ओट्यावर बसला होता, त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "औषध लई चौकोनी दिसून राह्यलं." बावीस दिवसांतलं हे त्याचं पहिलं वाक्य. मी थांबले नाही.

वाशीमला गाडी दीड तास लागली नाही. मालेगावला पोचले तर वीरेंद्रच्या दुकानाचं शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, त्याच्या सासऱ्याची तेरवी आहे, सोमवारी येईल. त्याच्या फोनवर नुसतं गाणं वाजत होतं. समोरच्या दुकानात गेले, त्याच ज्याची मी वीरेंद्रला धमकी दिली होती. तो म्हणाला, मी फक्त कव्हर आणि काच बसवतो. मग मी बंद शटरसमोर पायरीवर बसले. मांडीवर सुनेचं नशीब, त्यावर शाल. येणारेजाणारे मला म्हातारी समजून वळसा घालत होते. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ते बरोबर समजत आहेत.

घरी आले तेव्हा हरीओमला वैभवीचे सात फोन येऊन गेले होते.

शनिवारी सुंदरबाईनं तिचा भाचा मदनसिंग आणला. हा सेतू केंद्रात फॉर्म भरतो; आमच्या वैभवीला बोटं नाहीत असं सांगणारा तो हाच. त्याला मला दारातूनच परत पाठवायचं होतं, पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण माझ्याकडे एकच होतं. मदनसिंगनं ती फाईल उघडली. दुसऱ्या ओळीत गल्ल्यांची जी यादी होती, ती जुनी गर्दी आहे असं म्हणून काढून टाकली आणि तिथं फक्त जावाचा पत्ता ठेवला. तो म्हणाला, आता मशीन इकडेतिकडे भटकणार नाही, सरळ जावाकडेच जाईल. लॅपटॉप बंद करून चालू केला.

आता मशीनला काहीच सापडेना. फाईली दाखव म्हटलं तरी नॉट फाउंड. तारीख सांग म्हटलं तरी नॉट फाउंड. सगळ्या गल्ल्या विसरून ते बिचारं एकाच पत्त्यावर जाऊन उभं राहत होतं, आणि तिथं तर घर नव्हतं. मदनसिंग म्हणाला, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. सुंदरबाईनं मान हलवली. मग म्हणाली की पोरीनंच जाताना काहीतरी करून ठेवलं असेल, लग्नाच्या घाईत या पोरींचं लक्ष कुठं असतं.

हे ती माझ्या ओट्यावर बसून, माझ्या सुनेबद्दल म्हणाली. आयुष्यात सुंदरबाईच्या साध्या नमस्कारालाही मी उत्तर दिल्याशिवाय राहिले नाही, त्या दिवशी राहिले.

साडेपाचला पुन्हा फोन आला. हरीओमनं सगळं सांगितलं. पलीकडं वाजंत्री होती, वरात मांडवाशी आली होती. वैभवी म्हणाली की मी मांडवामागच्या पायरीवर बसून आहे, आता निघाले तरी चार गाड्या बदलून सहाच्या आत येणं होत नाही. मग म्हणाली, "माह्यंच काई चुकलं असंल. मले आठवत नाई."

ती रडत नव्हती. रडली असती तर कदाचित मी अजून थांबले असते. रडणाऱ्या पोरींची मला सवय आहे. पण न केलेली चूक ती आठवून पाहत होती. मी उठले आणि हरीओमच्या हातातून फोन घेतला.

"वैभवी, मी बोलून राह्यली."

"हा, आई."

"थ्या मशीनवर तुह्यं नाव होतं ना, रेणू. थे मी बदलून आणलं. बुधवारी. मालेगावले नेऊन."

"आयकू नाई आलं, आई. बँड वाजून राह्यला."

घरात सुंदरबाई, तिचा भाचा, हरीओम, त्याचा बाप. ओट्यावर अजून तीन बाया, शिवाय तिथूनच चाललेला लखीराम. हळू आवाजातल्या कबुलीला देवानं मुदत दिली नाही. मला तेच सगळं दुसऱ्यांदा, बँडच्या वर आवाज काढून सांगावं लागलं. आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरातली म्हैस सुद्धा त्या वेळी ओरडायची थांबली, असं नंतर मला सांगण्यात आलं.

पलीकडून वैभवीनं एवढंच विचारलं.

"फोल्डरचं पन बदललं?"

"सगळ्याचंच."

तिनं आवाज चढवला असता तर मी पण चढवला असता, आणि त्यात मला तिच्यापेक्षा जास्त सराव आहे. ती एवढंच म्हणाली, "ह्यांच्याजवळ द्या फोन." पावणेसहा झाले होते.

पुढचं मी भिंतीला टेकून ऐकलं. आधी तिनं मदनसिंगनं पुसलेल्या गल्ल्या परत लिहून घेतल्या, एकेक अक्षर, वाजंत्रीच्या आवाजात, आणि हरीओम दोनदा चुकला. मशीनला फाईली दिसायला लागल्या. मग हरीओम म्हणाला, आता जावाच्या ओळीत रेणू काढून वैभवी लिहू का? ती म्हणाली, नको, कॉलेजापासूनच्या कामात जागोजाग तेच नाव लिहिलेलं आहे, एका ठिकाणी बदलून भागणार नाही. तिनं त्याच्याकडून एकच ओळ लिहून घेतली. त्या ओळीनं रेणूच्या जुन्या पत्त्यावर नुसती एक पाटी लागली: इथं कोणी शोधत आलं तर वैभवीकडे पाठवा. दारात उभ्या लखीरामनं ते ऐकलं आणि म्हणाला, आमच्या पोस्टात यालेच रिडायरेक्ट म्हणत. कोणी हसलं नाही. मी तर नाहीच.

हरीओमनं जावाला हाक मारली. जावा आली. आपला व्हर्जन नंबर सांगितला, जशी काही कुठं गेलीच नव्हती. त्यानं कंपनीचं पान उघडलं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. ते घड्याळ मी मुद्दाम दहा मिनिटं पुढं ठेवते, म्हणून मला क्षणभर धीर आला. पण मोबाईलमध्येही सहा वाजून चारच मिनिटं झाली होती. मंगळवारी जाताना वैभवीनंच ते घड्याळ बरोबर करून ठेवलं होतं. पानावर एक ओळ होती. हरीओमनं मनात वाचली आणि लॅपटॉप हळूच मिटला. त्यानं सांगायची गरज राहिली नाही.

रविवारी दुपारी वैभवी आली. मी उत्तरं तयार ठेवली होती, तीन-चार चांगली होती. ती वाकून पाया पडली, हातपाय धुतले, पिठाचा डबा उघडला. भाकरी थापता थापता म्हणाली की पुढची परीक्षा सहा महिन्यांनी असते, आई, तुमचे गुडघे कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत. त्या दिवसापासून खरंच दुखतात, पण आता कोणाला सांगायची सोय राहिली नाही.

सोमवारी दहा वाजता ती कोठीजवळ गेली नाही. तूर वाळत घातली होती तिथं जाऊन पाखरं हाकत बसली, एवढी पाखरं नसतानाही. मी दोनदा बाहेर गेले आणि दोनदा आत आले. कंपनीला पत्र लिहिता येतं का, असं मी हरीओमला विचारलं. तो म्हणाला, ईमेल करता येतो, पण लिहिणार काय?

मंगळवारी दुपारी मीच तिला कोठीजवळ बोलावलं. म्हटलं, लिही, मी सांगते. ती उभी राहिली, बोटं ठेवली. मी सुरुवात केली की मालेगावच्या एका अडाणी दुरुस्तीवाल्यानं. तिची बोटं हलली नाहीत. मी म्हटलं, बरं, ते राहू दे. सेतू केंद्रात काम करणाऱ्या एका पोराच्या चुकीमुळं. बोटं तशीच. ती माझ्याकडे बघतही नव्हती, पडद्याकडे बघत होती, जशी बाई दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघते. मी नेटवर्कला दोष द्यायचा विचार केला, पण तो मलाच टिकाऊ वाटला नाही.

मग मी सांगितलं: मी कस्तुराबाई, राहणार रिठद, तालुका रिसोड. माझी सून हुशार आहे. तिनं सगळं बरोबर लिहून ठेवलं होतं. मला तिचं माहेरचं नाव माझ्या घरात नको होतं, म्हणून मी तिला न विचारता तिच्या मशीनवरचं नाव बदललं, आणि समजल्यावर दोन दिवस बोलले नाही. उशीर माझ्यामुळं झाला. शिक्षा द्यायची तर मला द्या, तिला परीक्षा द्या.

आता बोटं चालत होती. एवढ्या जोरात की मला दम खावा लागला.

तिनं ते इंग्रजीत केलं, मग मला मराठीत परत सांगितलं. काही वाढवलं नव्हतं, काही गाळलं नव्हतं. तिनं पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं. मला मनातून बरं वाटलं. एवढ्या मोठ्या कंपनीनं कस्तुराबाईचं पत्र हातात पडताच उत्तर पाठवावं. मी म्हटलं, वाच.

वैभवीनं वाचलं. "ही पेटी कोनी पाहत नाई म्हणते. हिच्यावर उत्तर पाठवू नका म्हणते."

"म्हंजे?"

"म्हंजे तिथं मानूस नाई, आई. मशीनच हाये."

पासष्ट वर्षांत मी पहिल्यांदा चूक लिहून दिली, नावगावासकट, आणि ती घ्यायला पलीकडं कोणी नव्हतं. मी कोठीला हात लावून उभी राहिले. वैभवीनं लॅपटॉप मिटला नाही. पत्र अजून पडद्यावर होतं आणि ती ते वरपासून पुन्हा वाचत होती, ओठ हलवत, जशी देवाजवळ पुटपुटते तशी.

"आता कायले वाचून राह्यली?" मी म्हटलं. "गेलं नं थे."

"वाचू द्या," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन तुरीवरची पाखरं हाकली.